स्टेडीकॅम लावताना: अंगावर चढवण्याआधीचा तोल

नवखा ऑपरेटर पहिल्यांदा स्टेडीकॅम, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी अंगावरची यंत्रणा, घेऊन चालतो, मॉनिटरवर क्षितिज डुलतं आणि मागून कोणीतरी सांगतं, ‘चाल सुधार.’ बहुतेक वेळा चालीत फारसा दोष नसतो. रिग (ही सगळी यंत्रणा) स्टँडवरच नीट तोललेली नसते, आणि तो तोल हातानं सांभाळण्यात ऑपरेटरची सगळी ताकद जाते. म्हणून या लेखात चालण्याबद्दल जवळपास काहीच नाही. रिग पेटीतून निघाल्यापासून अंगावर चढेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, तेवढंच इथे आहे. क्रम महत्त्वाचा, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. उलट्या क्रमानं गेलात तर तासभर गोल गोल फिरत राहाल.

इथे ‘स्टेडीकॅम’ म्हणजे व्हेस्ट (अंगावर बांधायचं जाकीट), स्प्रिंगचा आर्म (व्हेस्टला जोडलेला, वजन उचलणारा हात) आणि स्लेड अशी तीन भागांची कोणतीही रिग. हे नाव टिफेन कंपनीचं आहे, पण सेटवर सगळ्यांनाच तसं म्हणतात. फ्लायकॅमसारख्या स्वस्त रिगलाही हीच तत्त्वं लागू पडतात. फक्त तिथे स्क्रू जास्त आणि नॉब कमी असतात. स्लेड म्हणजे मधला उभा दांडा (पोस्ट), त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवायची सरकती स्टेज, तळाशी मॉनिटर आणि बॅटरी, आणि पोस्टवर वरखाली सरकणारा गिंबल, म्हणजे स्लेडला सगळ्या दिशांना मोकळं कलू-फिरू देणारा, हँडल असलेला सांधा. साध्या रिगमध्ये तोल सांभाळायला मोटर नसते. जे काही घडतं ते वजनांच्या जागांमुळे घडतं.

१. सामान आणि कागद

भाड्यानं रिग घेताना खालच्या गोष्टी पेटीत आहेत का ते बघा. नसतील तर स्वतःच्या पिशवीत ठेवा.

- रुंद पायांचं जड स्टँड, त्याला बसणारा डॉकिंग ब्रॅकेट (रिग टेकवायची जागा, म्हणजेच डॉक) आणि किमान दोन सँडबॅग
- एलन कीचे (षट्कोनी किल्ल्यांचे) दोन संच, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा (अंदाजे बसणारी की वापरली की स्क्रूचं डोकं गोल झालंच म्हणून समजा)
- १/४ आणि ३/८ इंची जादा स्क्रू
- छोटी पाणसळ
- सामान तोलायचा लटकता काटा
- मोजपट्टी, मार्कर, कागदी टेप, व्हेल्क्रोच्या पट्ट्या
- एक गोल पेन्सिल किंवा बोटभर जाडीची गोल सळई
- एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या बॅटऱ्या

कागदांमध्ये ओळखपत्र, प्रॉडक्शनचं पत्र आणि भाड्याचं चलन. चलनावर प्रत्येक नगाचा सिरियल नंबर लिहिलेला हवा. गिंबलवर आधीपासून असलेला ओरखडा किंवा वाकलेली पिन अटेंडंटदादांसमोरच दाखवा आणि फोटो काढून ठेवा. विमा कोणाच्या नावावर आहे हे प्रॉडक्शनला त्याच दिवशी विचारा, शूट संपल्यावर नको.

रिग ठरवताना दोन आकडे बघायचे असतात. पहिला स्लेडचा: त्याच्या स्टेजवर किती वजनाचा कॅमेरा चालेल. दुसरा आर्मचा: तो एकूण किती उचलेल. आर्मच्या आकड्यात स्लेड, मॉनिटर, बॅटरी सगळं धरायचं असतं. जाहिरातीत नुसतं ‘१० किलो’ लिहिलं असेल तर ते कॅमेऱ्याचं की एकूण, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आर्मला कमाल मर्यादा असते तशी किमानही असते. मोठ्या आर्मवर हलकी रिग टांगली तर स्प्रिंग तिला वरच्या टोकाला नेऊन चिकटवतात, आणि मग कितीही नॉब फिरवा, ती खाली उतरत नाही.

२. स्टँड उभं करा

जमीन सपाट शोधा. स्टँडचा मोठा पाय ज्या बाजूला रिग लटकणार त्याच बाजूला वळवा. सँडबॅग पायांवर ठेवा. डॉकिंग ब्रॅकेटवरचा खुंट, ज्यावर गिंबलचं पोकळ हँडल बसतं, उभा आहे का हे पाणसळीनं बघा. स्लेड पूर्ण गोल फिरताना लेन्स किंवा मॉनिटर स्टँडला आपटणार नाही एवढी जागा चारी बाजूंना हवी.

वाऱ्यात तोल साधू नका. उघड्यावर शूट असेल तरी हे काम व्हॅनिटी व्हॅनच्या आडोशाला किंवा खोलीत करून घ्या. पंखाही बंद. हे ऐकायला अतिरेकी वाटतं, पण पुढे आपण मिलिमीटरच्या हिशेबात जाणार आहोत आणि मॅटबॉक्सवर (लेन्ससमोरच्या, नको तो प्रकाश अडवणाऱ्या चौकोनी डब्यावर) पंख्याचा झोत आला की तो हिशेब कोलमडतो.

३. कॅमेरा पूर्ण सजवा, मगच हात लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कॅमेरा, लेन्स, मॅटबॉक्स, फिल्टर, फोकस मोटर, व्हिडिओ ट्रान्समीटर, कार्ड, केबल: शॉटमध्ये जे जे असणार ते सगळं आत्ताच लावा. लेन्सचं झाकण काढा. मॅटबॉक्सचा फ्लॅग (वरचं झडप) शॉटमध्ये उघडा असेल तर आत्ताही उघडा. फोकस पुलरला (शॉटमध्ये फोकस सांभाळणाऱ्याला) विचारा, अजून काही चिकटवायचंय का? ‘एक छोटी केबल’ हे उत्तर आलं तर ती लागेपर्यंत थांबा.

केबल कॅमेऱ्याच्या अंगाला चिकटून, व्हेल्क्रोनं बांधलेल्या हव्यात. लोंबती केबल हलली की वजन हलतं. कॅमेऱ्यापासून पोस्टच्या जोडणीपर्यंत जाणारी केबल मऊ आणि पुरेशी सैल ठेवा, पण तिचा लोंबता फास नको. कॅमेरा आणि कॅमेऱ्याखालची टिल्ट-प्लेट ढिली असेल तर इथेच कळतं: लेन्सला बोटानं हळूच दाबा, काहीही ‘कटकट’ करता कामा नये.

मग काट्यावर वजन घ्या आणि लिहून ठेवा. उदाहरणादाखल, अ‍ॅलेक्सा मिनीची नुसती बॉडी २.३ किलो भरते. प्राइम लेन्स, मॅटबॉक्स, मोटर, ट्रान्समीटर आणि प्लेट धरून हे पॅकेज सहज पाच-सहा किलोवर जातं. पुढच्या आकडेमोडीसाठी आपण ६ किलो धरू.

कॅमेरा फार हलका असेल, समजा छोटी मिररलेस बॉडी, तर खूश होऊ नका. हलकी रिग सोपी वाटते, पण हाताचा प्रत्येक स्पर्श तिला लागतो. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब काठी धरते. त्या काठीची टोकं दूर असल्यामुळेच ती पटकन कलत नाही. स्लेडमध्येही वजन टोकांना लागतं. कॅमेऱ्याखाली धातूची वजनी प्लेट आणि तळाशीही थोडं वजन वाढवलं की हलकी रिग शांत होते. पाठ थोडी जास्त दुखेल, शॉट मात्र सुधारेल.

४. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य शोधा

कॅमेऱ्याखाली डव्हटेल प्लेट (स्टेजच्या खाचेत सरकणारी पट्टी) लावा. टेबलावर गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा प्लेटसकट पुढे-मागे सरकवत तोलबिंदू शोधा. लेन्सला हात तयार ठेवा. जिथे कॅमेरा कुठल्याच बाजूला ठामपणे पडत नाही, तिथे प्लेटच्या कडेवर कागदी टेप लावून मार्करनं रेघ मारा. हेच डाव्या-उजव्या बाजूसाठीही करा. डाव्या बाजूला ट्रान्समीटर आणि मोटर लागली असेल तर रेघ प्लेटच्या मध्यावर येत नाही, आणि ते ठीकच आहे. मध्य प्लेटचा नको, वजनाचा हवा.

आता कॅमेरा स्टेजवर सरकवताना ही रेघ पोस्टच्या मध्यरेषेच्या किंचित मागे, साधारण एक सेंटिमीटर ठेवा. डावे-उजवे मात्र बरोबर मध्यावर. मागे का, हे आठव्या पायरीत येईल. डव्हटेलचं लॉक लावा आणि कॅमेरा ओढून बघा. अर्धवट बसलेली डव्हटेल हा या कामातला सगळ्यात महागडा अपघात आहे.

५. पोस्टची लांबी आणि गिंबलची जागा

पोस्ट शक्यतो मध्यम लांबीवर ठेवून सुरुवात करा. मॉनिटर पुढे, बॅटरी मागे, दोन्ही एकाच उभ्या प्रतलात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. वरून बघितलं तर लेन्स, पोस्ट, मॉनिटर आणि बॅटरी एका सरळ रेषेत दिसली पाहिजेत. मॉनिटर जरा तिरका राहिला तर पुढे डायनॅमिक बॅलन्स (फिरतानाचा तोल, आठवी पायरी) येणारच नाही.

गिंबल कुठे येणार, हे साध्या तरफेच्या नियमानं आधीच कळतं. वर ६ किलो, तळाला मॉनिटर १ किलो आणि बॅटरी-बेस २ किलो असे मिळून ३ किलो, दोन्हीच्या मध्यांमधलं उभं अंतर ७५ सेंटिमीटर. पोस्टचं वजन सोडून दिलं तर तोलबिंदू कॅमेऱ्यापासून २५ आणि तळापासून ५० सेंटिमीटरवर येईल: ६ गुणिले २५ म्हणजे १५०, ३ गुणिले ५० म्हणजेही १५०. प्रत्यक्षात तो बिंदू शोधायला दोघांनी स्लेड आडवा धरा, पोस्टखाली हात घालून तोल बघा, आणि त्या बिंदूपासून एक-दीड सेंटिमीटर कॅमेऱ्याच्या बाजूला गिंबल घट्ट करा.

तळाला वजन वाढवलं किंवा पोस्ट खाली लांबवली तर तोलबिंदू खाली सरकतो, म्हणजे कॅमेरा गिंबलपासून दूर जातो. लेन्स उंच हवी असेल तेव्हा हे उपयोगी पडतं. उलट कॅमेरा जड आणि तळ हलका असेल तर गिंबल अगदी स्टेजखाली येऊन अडकतो, पोस्ट हातात धरायला जागा उरत नाही. मग तळाला आणखी एक बॅटरी लावा.

६. स्थिर तोल

स्लेड डॉकच्या खुंटावर बसवा आणि हात सोडा. पोस्ट कलेल. कुठे कलतोय ते बघून कॅमेरा त्याच्या उलट बाजूला सरकवा: कॅमेरा पुढे झुकला तर मागे, उजवीकडे झुकला तर डावीकडे. आधी मोठी चूक हातानं, मग बारीक चूक स्टेजच्या नॉबनं. एका वेळी एकच दिशा. दोन्ही नॉब एकत्र फिरवणारा माणूस नेहमी अटेंडंटला दोष देतो.

पोस्ट उभा झाला की स्लेड चौथाई चौथाई फिरवत चारही दिशांना थांबवून बघा. इथे एक गोष्ट कळते जी पुढे कुठेच कळत नाही. कल जर कॅमेऱ्याबरोबर फिरत असेल, म्हणजे प्रत्येक दिशेला लेन्सच खाली जात असेल, तर तोल अजून बाकी आहे. पण कॅमेरा कुठेही वळवला तरी पोस्ट खोलीतल्या त्याच भिंतीकडे, हँडलच्या एकाच बाजूला कलत असेल, तर दोष गिंबलमध्ये आहे. त्याचं बेअरिंग अडकतंय किंवा केंद्र सरकलंय. अशा गिंबलवर तोल साधत बसणं व्यर्थ, दुसरा मागवा.

७. ड्रॉप टाइम

स्लेड आडवा होईपर्यंत तिरका करा, सोडा, आणि तो पडत पडत उभ्या रेषेतून जाईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. हाच ड्रॉप टाइम. नेहमीच्या कामाला अडीच ते तीन सेकंद बरे. शिकाऊ हाताला दोन सेकंद चालतील.

- वेळ कमी आला, म्हणजे स्लेड धाडकन पडतो: तळ जास्त जड आहे. गिंबल थोडा खाली, तोलबिंदूच्या जवळ घ्या.
- वेळ फार जास्त आला किंवा स्लेड तरंगतच राहिला: गिंबल थोडा वर घ्या.
- स्लेड उलटा होऊन कॅमेरा खाली यायला लागला: गिंबल तोलबिंदूच्या खाली गेलाय. आधी कॅमेरा धरा, मग विचार करा.

दोन-तीन मिलिमीटरनंही अर्धा सेकंद फरक पडतो, म्हणून गिंबलची मूळ जागा पोस्टवर टेपनं खुणावून मगच क्लॅम्प सोडा. आणि क्लॅम्प सोडताना दुसऱ्या माणसाच्या हातात स्लेड हवाच.

तळ जड ठेवला की क्षितिज आपोआप सरळ राहतं, हे खरं. त्या मोहानं नवखे लोक एका सेकंदाच्या ड्रॉपवर काम करतात. मग चालायला सुरुवात करताना तळ मागे रेंगाळतो आणि लेन्स खाली झुकते. थांबताना तळ पुढे झोके घेतो आणि लेन्स आकाशाकडे जाते. शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी फ्रेम अशी ‘मान डोलावते’, तेव्हा चाल तपासण्याआधी ड्रॉप टाइम तपासा. पळायचा शॉट असेल, एकदम वळायचं असेल, तर तीन सेकंदांच्याही वर जा. जितका तोल तटस्थ, तितकं बोटांचं काम वाढतं, हा सौदा लक्षात ठेवून आकडा ठरवा.

ड्रॉप बदलला की सहावी पायरी पुन्हा करायची. तटस्थतेजवळ स्टेजच्या नॉबचा अर्धा फेराही दिसून येतो.

८. डायनॅमिक बॅलन्स

स्थिर तोल झालेली रिग फिरवली की वेडीवाकडी डुलते, असं होऊ शकतं. उभी असताना पुढच्या-मागच्या वजनांचा तोल जुळतो, फिरताना प्रत्येक वजन आपापल्या बाजूला बाहेर ओढतं, आणि ही ओढ वेगवेगळ्या उंचीवर असते. उंचीचा हिशेब जुळला नाही तर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा डावीकडे-उजवीकडे वळवताना, पोस्ट लंबवत राहत नाही. झटपट पॅनच्या शेवटी क्षितिज तिरकं होतं ते यामुळे.

आपलंच उदाहरण पुढे नेऊ. मॉनिटर १ किलो, पोस्टपासून ३० सेंटिमीटर पुढे. बॅटरी-बेस २ किलो, मागे. मॉनिटर आणि बॅटरी अगदी एकाच उंचीवर असते, तर बॅटरी १५ सेंटिमीटर मागे आणि कॅमेऱ्याचा मध्य बरोबर पोस्टवर, एवढ्यात काम झालं असतं. पण मॉनिटर दिसावा म्हणून आपण तो थोडा वर उचलतो. समजा बॅटरीपेक्षा १० सेंटिमीटर वर. आता पुढच्या बाजूचं वजन वर चढलं. ते फेडायला कॅमेऱ्याला थोडं मागे जावं लागतं. किती? मॉनिटरचे १ गुणिले ३० गुणिले १० म्हणजे ३००. कॅमेऱ्याचे ६ किलो गुणिले बॅटरीपासूनची ७५ सेंटिमीटर उंची म्हणजे ४५०. ३०० भागिले ४५० म्हणजे सुमारे ०.७ सेंटिमीटर. कॅमेरा एवढा मागे गेला की बॅटरी १५ ऐवजी १३ सेंटिमीटरवर आत यायला हवी, तरच स्थिर तोल टिकतो. मॉनिटर आणखी १० सेंटिमीटर वर घेतलात तर कॅमेऱ्याचं अंतर दुप्पट, सुमारे १.३ सेंटिमीटर होईल आणि बॅटरी ११ वर येईल.

चौथ्या पायरीतला ‘एक सेंटिमीटर मागे’ इथून आला. प्रत्येक रिगसाठी गणित करायची गरज नाही. एवढं डोक्यात ठेवा: मॉनिटर जितका वर, तितका कॅमेरा मागे आणि बॅटरी आत.

चाचणी अशी:

१. मॉनिटर शूटला जसा हवा तसाच लावा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.
२. स्थिर तोल पक्का करा. ड्रॉप अडीच-तीन सेकंदांवर.
३. पोस्ट गिंबलखाली दोन बोटांनी धरून हळू फिरवा आणि सोडा. दोन-तीन सेकंदांत एक फेरा पुरे. जोरात भिरकावलं तर बरी तोललेली रिगही डुलते आणि काहीच कळत नाही.
४. पोस्ट उभा राहून फिरला तर झालं. डुलला तर बॅटरी ५ मिलिमीटर आत घ्या, कॅमेरा मागे सरकवून स्थिर तोल पुन्हा आणा, आणि पुन्हा फिरवा.
५. डुलणं कमी झालं तर त्याच दिशेनं पुढे. वाढलं तर उलट: बॅटरी बाहेर, कॅमेरा पुढे.

फिरताना पोस्ट कुठल्या बाजूला झुकतो यावरून चूक ओळखायला जाऊ नका. वेग बदलला की ते चित्रही बदलतं. ‘आधीपेक्षा बरं की वाईट’ एवढाच प्रश्न विचारा. पुढे-मागे सगळं करून झालं आणि तरी डुलतंय, तर दोष बहुधा आडवा आहे: मॉनिटर रेषेतून सरकलाय, किंवा कॅमेऱ्याच्या एका बाजूला लटकलेल्या ट्रान्समीटरला स्टेजनं भरून काढलंय पण खाली उत्तर मिळालेलं नाही. अशा वेळी ट्रान्समीटर शक्य तितका कॅमेऱ्याच्या मध्यरेषेवर, मागे किंवा वर लावा. शेवटी मॉनिटर आणि बॅटरीची जागा मोजपट्टीनं मोजून लिहा.

पॅन जड वाटावा असं हवं असेल, समजा संथ, लांब शॉट, तर मॉनिटर आणि बॅटरी दोन्ही बाहेर सरकवा. चपळ पॅनला दोन्ही आत. प्रत्येक वेळी ही पायरी पुन्हा. बहुतेक शॉट मध्यम जागेवर निघतात, म्हणून पहिल्या महिन्यात या खेळात पडू नका.

९. व्हेस्ट

आता कुठे अंगावर. व्हेस्ट स्लेडशिवाय, आर्मशिवाय चढवा. खांद्याचे पट्टे आधी ढिले, मग छातीची पट्टी, मग कमरेची. वजन कमरेनं घ्यायचं असतं. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांभोवती घट्ट आवळा. खांद्याच्या पट्ट्यांखाली दोन बोटं जेमतेम जावीत. पोट भरून आल्यावर किंवा जेवणाच्या ब्रेकनंतर पट्टे पुन्हा बघा, अर्ध्या तासात ते सैल होतात. झटक्यात व्हेस्ट उघडायची व्यवस्था असेल तर ती डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करा.

साधारणपणे आर्म व्हेस्टच्या उजव्या बाजूला लागतो, स्लेड शरीराच्या डाव्या बाजूला तरंगतो. उजवा हात गिंबलच्या हँडलवर, डाव्या हाताची बोटं गिंबलखाली पोस्टवर. काही ऑपरेटर याच्या उलटं करतात. सुरुवातीला एकच बाजू पक्की करा.

१०. आर्मचा ताण

आर्मचे दोन भाग असतात आणि दोघांच्या स्प्रिंगचा ताण वेगळा लावता येतो. स्लेड टांगून हात सोडल्यावर दोन्ही भाग साधारण आडवे राहावेत. हँडल वर उचलायला आणि खाली दाबायला सारखाच जोर लागला पाहिजे. अंगाजवळचा भाग पुढच्या भागाचंही वजन उचलतो, म्हणून त्याला थोडा जास्त ताण लागतो. एक भाग वर गेलाय आणि दुसरा खाली लोंबतोय, अशा स्थितीत आर्म ‘दोन टप्प्यांत’ हलतो आणि प्रत्येक पावलाचा ठोका कॅमेऱ्यापर्यंत जातो.

एलन कीनं ताण बदलायचा आर्म असेल तर स्लेड आधी डॉकवर ठेवा, आर्म मोकळा करा, मग की फिरवा. पूर्ण वजनाखाली जबरदस्ती केली की आटे जातात. नॉब असलेल्या आर्मसाठी कंपनीनं कोणत्या स्थितीत फिरवायला सांगितलंय ते वाचा. स्प्रिंगच्या भागात बोट घालू नका, कधीच.

११. सॉकेट ब्लॉक

व्हेस्ट आणि आर्मच्या जोडणीवर, म्हणजे सॉकेट ब्लॉकवर, स्क्रूंच्या दोन जोड्या असतात: एक आर्मचा पुढे-मागे कल बदलते, दुसरी डावा-उजवा. कोणती काय करते हे रिकामा आर्म लावून फिरवून बघा. मग रिग घेऊन सरळ उभे राहा, खांदे सैल, आणि हात रिगपासून तसूभर लांब धरा. रिग पुढे पळत असेल, अंगावर येत असेल किंवा बाजूला सरकत असेल, तर ती उताराच्या दिशेनं जातेय. त्या दिशेचा कल थोडा वर करा. एका वेळी पाव फेरा.

पाठ मागे झुकवून रिग सांभाळण्याची सवय लागली तर हे स्क्रू कधीच नीट बसणार नाहीत, कारण तुम्ही प्रत्येक वेळी वेगळे उभे राहाल. एखाद्याला बाजूनं फोटो काढायला सांगा. पोस्ट उभी, रिग अंगाजवळ, पाठ ताठ. इथे कंजूसपणा केला की कंबर शिफ्ट संपायच्या आत सांगते.

१२. पहिली फेरी

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर कागदी टेपचं अधिक चिन्ह लावा. त्याचा छेदबिंदू मॉनिटरच्या मध्यावर धरून सहा-सात मीटरवरून हळू जवळ या, थांबा, तसेच मागे जा. रेकॉर्डिंग नको. पोस्टवर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढंच, तेही गिंबलच्या लगेच खाली. मूठ आवळली की सगळा तोल तुम्ही स्वतः बिघडवता. चिन्ह सुरुवातीला आणि शेवटी वरखाली होतंय? सातवी पायरी. वळताना तिरकं होतंय? आठवी. सतत एकाच बाजूला सरकतंय? सहावी किंवा अकरावी. पावलागणिक ठोके? दहावी.

मागे चालताना एक माणूस तुमच्या कमरेच्या पट्ट्याला हात लावून हवाच. त्यानं ओढायचं नसतं, फक्त दिशा आणि पायरी सांगायची असते. टेकच्या मध्ये रिग डॉकवर ठेवा. ‘एकच मिनिट’ असं दिग्दर्शक म्हणाले तरी.

सेटवर मध्येच काय काय बिघडतं

लेन्स बदलली की पुढे-मागचा तोल जातो. प्रत्येक लेन्ससाठी डव्हटेलवर वेगळ्या रंगाची टेप-रेघ मारून ठेवा, दोन मिनिटांत परत येता. वजनात मोठा फरक असेल तर ड्रॉपही मोजा. झूम किंवा फोकस करताना ज्यांचं नळकांडं बाहेर येतं अशा लेन्स टाळा. शक्य नसेल तर फोकसच्या मधल्या अंतरावर तोल साधा.

बॅटरी वेगळ्या वजनाची लावली तर सगळंच नव्यानं. म्हणून वर एकाच वजनाच्या म्हटलं.

उघड्यावर किंवा समुद्राकाठी मोठा मॅटबॉक्स शिडासारखा वारा धरतो. तिथे क्लिप-ऑन मॅटबॉक्स वापरा आणि ड्रॉप थोडा कमी ठेवा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर शूट असेल तर स्लेड वाळूवर कधीच टेकवू नका; गिंबलच्या बेअरिंगमध्ये गेलेला एक कण पॅनमध्ये दिसतो. संध्याकाळी पोस्ट आणि आर्म ओलसर फडक्यानं, मग कोरड्यानं पुसा. गिंबलमध्ये तेलाचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटते.

लो-मोड, म्हणजे कॅमेरा खाली लटकवून जमिनीजवळचा शॉट, याला वेगळा ब्रॅकेट लागतो आणि मॉनिटर उलटा फिरवावा लागतो. तोलाच्या चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या नव्यानं. दहा मिनिटांत होतो असं प्रॉडक्शनला सांगू नका. अर्धा तास मागा.

इलेक्ट्रॉनिक गिंबल वापरणाऱ्यांसाठी

रोनिनसारख्या मोटरच्या गिंबलची सवय असेल तर एक गैरसमज सोबत येतो: मोटर सांभाळून घेईल. मोटर सांभाळते, पण त्यात तापते, बॅटरी खाते आणि वेगवान हालचालीत थरथरते. तिथेही तोल मोटर बंद ठेवूनच साधायचा. आधी टिल्ट (लेन्सचा वर-खाली कल), लेन्स समोर असताना आणि वर आकाशाकडे असताना, दोन्हीकडे कॅमेरा सोडला तिथेच राहिला पाहिजे, मग रोल (डावा-उजवा कल), शेवटी पॅन, हँडल थोडं तिरकं धरून, गिंबलची भुजा आपोआप फिरतेय का ते बघून. वजनाची मर्यादा पाळा. डीजेआय आरएस ३ प्रोची ४.५ किलो, रोनिन २ ची १३.६ किलो. मर्यादेच्या अगदी काठावर पॅकेज असेल तर मोठा गिंबल घ्या.

नोंद

दिवस संपताना रिग सोडवण्याआधी एका कार्डावर लिहा: कॅमेऱ्याचं वजन, लेन्स, डव्हटेलवरची रेघ, गिंबलची पोस्टवरची जागा सेंटिमीटरमध्ये, पोस्टची लांबी, मॉनिटर आणि बॅटरीचं पोस्टपासूनचं अंतर, ड्रॉप टाइम, आर्मच्या दोन्ही नॉबचे फेरे. कार्ड रिगच्या पेटीत न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा. पेटी उद्या दुसऱ्या युनिटला जाणार असते.